हलगीवाली मोटार

दिंद्रुडच्या सुंदररावांची मोटार आमच्या दारात आली तेव्हा तिच्यापुढं हलगी वाजत होती. लग्न नव्हतं, जत्रा नव्हती. मोटारीला हलगी कशाला, हा प्रश्न अख्ख्या तेलगावात मला एकटीला पडला. बाकीचे नाचत होते. आमचे मालक सगळ्यांच्या पुढं.

पण मोटार मला कशाला पाहिजे होती ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीला मिरवायची हौस. हौस होतीच. पण ती मागाहूनची.

माझी शिवकन्या शिरूर कासारला दिलेली. पहिलटकरीण, सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिच्या सासूनं, साखराबाईंनी, निरोप धाडला: "दोन मुक्काम बैलगाडीत माझी सून हिंदकळत यायची न्हाई. मोटार आणा आन न्या. आठवा लागला की पोटुशी बाई उंबऱ्याबाहेर पडत न्हाई, मग बाळंतपण आमच्याकडंच." मोटार आम्हाला मिळायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्याकडंच म्हणे! त्या घरात तूप पळीनं वाढत नाहीत, काडीनं वाढतात.

तरी मी दम धरला होता. दम सुटला तो अजमतबीमुळं. अजमतबी आमची बांगडीवाली. शिरूरच्या बाजाराहून आली ती सरळ माझ्या ओसरीवर, टोपली खाली ठेवली, पाणीसुद्धा प्याली नाही.

"बाई, तुमच्या पोरीला बांगड्या भरल्या. कंचं माप बसलं, सांगा बरं?"

"दोन-सहा. आणिक कंचं?"

"दोन-चार. आन त्याबी कोपरापतुर सरकतात."

सातव्या महिन्यात बाईचं मनगट भरतं. माझ्या पोरीचं उतरलं होतं.

"काय म्हणाली का?"

"सासू समोर बसलेली. काय म्हणंल? बांगड्या भरून झाल्या तरी माझा हात सोडंना, तेवढंच."

त्या दिवशी मी ठरवलं, अमावास्येच्या आत पोर माझ्या घरात. अमावास्येला आठवा लागत होता.

पंचक्रोशीत मोटार एकच, सुंदररावांची. हैदराबादेत कुणी वापरून टाकलेली, यांनी दोन वर्षांमागं आणलेली. आणि सुंदररावांना काय पाहिजे होतं, तर आमची बैलजोडी, तांब्या आणि खैऱ्या. तीन साल लागोपाठ शंकरपटाच्या शर्यतीत आमच्या जोडीनं त्यांच्या जोडीला धूळ चारली होती. त्यांना वाटायचं, बैलांचं रक्तच तसं. खरं सांगायचं तर आमचे मालक गाडीवर बसून तपकीर ओढतात आणि अशी शिंक देतात की बैल जीव घेऊन पळतात. शिंक नसेल तर दोघं रवंथ करीत उभे. हे मला आणि मालकांना ठाऊक. सुंदररावांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

बोलणं झालं. जोडी द्यायची, मोटार घ्यायची. मालक ते ऐकून दोन दिवस गोठ्यातच जेवले.

तर, हलगी. मोटार दारात थांबली, हलगीही थांबली. सुंदरराव उतरले. डोळ्याला काळा चष्मा, डोक्याला फेटा, अंगावर हैदराबादी शेरवानी.

"वहिनी, बघा! हत्ती हाय हत्ती!"

"हत्ती एवढा धूर सोडतो का, भाऊजी?"

मी मोटारीला एक फेरा मारला. चाकं दाबली, दिवे पुसून बघितले. "चालू करा," मी म्हणाले.

सुंदररावांनी हँडल लावलं आणि हलगीवाल्या आश्रुबाकडं भुवई उडवली. इकडं हँडल फिरलं, तिकडं आश्रुबा पेटला. असा पेटला की माझ्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. मोटार थरथरत होती, ते दिसत होतं. ऐकू काही येत नव्हतं. मोटार बंद केली, की आश्रुबा गार. मी परत चालू करायला लावली. परत तेच. आश्रुबाची नजर काही टिपरीवर नव्हती, सुंदररावांच्या हातावर होती.

एकदा एका बाजारात कुणा चलाखानं आमच्या मालकांना लंगडा बैल गळ्यात मारला होता. बैलाच्या अंगावर एवढ्या घुंगरमाळा की त्याचा पाय कुठं पडतो ते कुणी बघितलंच नाही. तेव्हापासून मी फार वाजणाऱ्या वस्तूकडं जरा निरखून बघते.

"भाऊजी, हलगी थांबवा की. मोटारीचा आवाज ऐकू द्या."

"छ्या! मान हाय मोटारीचा. हलगीबिगर ती कुणाच्या दारात सुरूच करीत न्हाई मी."

आता तोंडावर म्हणावं की तुम्ही खोड झाकता, तर हा माणूस रुसून मोटार घेऊन चालता होणार. दुसरी मोटार नाही. खोड न बघता घ्यावी, तर त्या मोटारीत माझी सात महिन्यांची पोर बसायची. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. अजमतबी टोपली घेऊन फाटकातून येत होती. मी तिला बाजूला ओढली, काही निरोप ऐकल्यासारखा तिच्या तोंडाशी कान नेला, आणि मग उंबऱ्यावर बसकण मारून हंबरडा फोडला.

"बायनाबाई गेल्या हो ऽ! आमच्या बायनाबाई गेल्या!"

बायनाबाई म्हणजे मालकांच्या चुलत्याची बायको, माझी चुलतसासू. धारूरच्या डोंगरात एका वाडीवर राहायची. म्हणजे राहतेच, ठणठणीत आहे. पण शिवकन्याच्या लग्नात भर पंगतीत ती मला म्हणाली होती, "तुळजे, पुरण कच्चं हाय." दोन वर्षं मी तिचं तोंड बघितलं नव्हतं. मारायचीच, तर दुसऱ्या कुणाला मारायची?

सुंदरराव गडबडले. "कवा? कशानं?"

"थंडीतापानं. अजमतबीनं आत्ताच सांगावा आणला."

अजमतबीला कशाचा काही पत्ता नव्हता. पण बाई हुशार. तिनं पदर डोळ्याला लावला. "लई चांगली होती बिचारी," म्हणाली. तिनं बायनाबाईंना उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

मालक पुढं आले. "काकू? अगं, परवाच तर तिच्या वाडीचा गडी म्हणत व्हता..." मी त्यांच्या दंडाला असा चिमटा घेतला की त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

भाऊकीतलं सुतक म्हणजे दहा दिवस. दारात वाद्य नाही, देणं नाही, घेणं नाही. आश्रुबानं मुकाट्यानं हलगी काखेत मारली.

"मग मी मोटार घेऊन जातो," सुंदरराव म्हणाले, "सुतक फिटल्यावर येतो." हँडल उचललं आणि तिथंच थिजले. निम्मा गाव चिडीचूप उभा. हलगी काखेत. आता मोटार चालू केली असती तर तिचा खरा आवाज सगळ्या तेलगावानं ऐकला असता.

मी पदराआडून बघत होते. सुंदररावांनी घाम पुसला.

"जाऊ द्या. राहू द्या इथंच," ते म्हणाले. "सुतकाच्या दारात आलेली वस्तू परत कशी न्यायची? बरं दिसत न्हाई."

"जशी तुमची मर्जी, भाऊजी," मी हुंदका दिला.

हँडल मात्र संगं घेऊन गेले. सुंदरराव पुढं, शेरवानीत, खांद्यावर हँडल, मागं आश्रुबा. दिंद्रुडपर्यंत तीन कोस पायी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजमतबीचा लेक कय्युम आला. बीडला सर्व्हिस मोटारीवर मिस्तरी होता, त्याच्याकडं स्वतःचं हँडल. त्यानं एकदाच फिरवलं आणि मोटार बोलायला लागली. खळ्ळ खळ्ळ खळ्ळ. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत, तशी.

"थांबव बाबा," मी म्हणाले. "कशाची तरी दोरी सैल हाय. रवीची दोरी सैल पडली की ताकाचा डेरा असाच आदळतो."

कय्युमनं मोटार बंद केली. "काकी, ह्ये कळायला मला बीडात दोन साल लागले. दोरी न्हाई, साखळी हाय."

त्यानं पाण्याची टाकी उतरवली, पंखा काढला, पुढचं झाकण खोललं. आत दोन दातेरी चाकं, एक खाली, एक वर, दोघांना मिळून एक साखळी. कय्युमनं हँडल हातभर पुढं-मागं हलवलं.

"बघा. खालचं चाक हलतंय. वरचं झोपलंय. इतकी ढिली हाय साखळी. हिला दाबून धरायला बाजूनं पोलादी पट्टी असती, कमान दिलेली." त्यानं आत हात घातला आणि पट्टीचा मोडका तुकडा काढला, झिजलेल्या विळ्यासारखा. परत हात घातला आणि आणखी एक वस्तू काढली. ती हातात धरून तो हसायलाच लागला. वहाणेच्या तळव्याचा तुकडा होता. सुंदररावांनी पट्टीच्या जागी जुनी वहाण कोंबली होती.

झाकणाला आतून खाच पडलेली. विहिरीच्या काठाला दोराची पडते ना, तशीच.

"आन अशीच चालवली तर?"

"साखळी एखादा दात सोडती. मग वरचं चाक चुकतं, झडपा भलत्या वक्ताला उघडतात, आन मोटार बसती."

"कुठं बसती?"

"ते तिच्या मनावर, काकी. नदीत. घाटात."

मला वाटेवरच्या बिंदुसरा नदीच्या वाळूत बसलेली माझी पोर दिसली. पोट धरून.

"नवी पट्टी?"

"हैदराबादला. म्हैनाभर लागंल."

"म्हैना न्हाई माझ्याकडं. दुसरं काय चालंल?"

"वाकलं पायजे, आन सोडलं की जागेवर आलं पायजे. फाळाचं लोखंड वाकत न्हाई. विळा मोडतो. टांग्याची कमान लई जाड."

मी वर बघितलं. ओसरीच्या भिंतीवर आमच्या घराण्याचा दांडपट्टा टांगलेला असतो. मालकांच्या पणज्याचा. पणज्यानं त्या पट्ट्यानं लढाया मारल्या म्हणतात. माझ्या बघण्यात तरी त्यानं दसऱ्याची लिंबं तेवढी कापली. पण पातं असं की हातात धरून हलवलं तर सापासारखं लवलवतं.

कय्युमनं माझी नजर बघितली. मालकांनीही बघितली.

"अगं ए! घराण्याची अब्रू हाय ती!"

"अब्रू अडीच हात लांब हाय," मी म्हणाले. "मला वीतभर लागती."

टोकाकडची वीतभर कापली. कय्युमनं ती गोवऱ्यांच्या जाळात लाल केली, कमान दिली, करडीच्या तेलात बुडवली, मग परत मंद आचेवर धरली. नुसती बुडवली तर काचेसारखी तडकते म्हणाला. विहिरीवरच्या जुन्या मोटेचं कातडं तेलात मुरलेलं असतं, त्याची चकती पट्टीला ठोकली, म्हणजे साखळी कातड्यावर घासेल, पोलादावर नाही. साखळी उतरवायच्या आधी दोन्ही चाकांच्या जुळणाऱ्या दातांवर खूण पाहिजे होती, परत तशीच बसवायला. घडवणाऱ्यांनी केलेली झिजून गेली होती. मी मारुतीच्या वाटीतला शेंदूर आणला.

"सुतकात शेंदूर?" मालक ओरडले.

"कुणाचं सुतक?"

"काकूचं!"

मालकांचं हे असं. दोन दिवसांत त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला होता. मी फोडणी नसलेलं वरण वाढायची, सुतकाच्या घरात तसंच असतं, आणि ते घास हातात धरून म्हणायचे, "काकू लहानपणी मला शेंगदाणे भाजून द्यायची गं." दारावर बायका समाचाराला यायच्या. मी तेलानं काळे झालेले हात पदराखाली लपवून रडायची, आणि मागून कय्युमची हातोडी ठण ठण. एकीनं विचारलं, हा आवाज कसला? मी म्हणाले, "दुःखात मोटारीकडं बघवत न्हाई, म्हणून खोलून ठिवली."

पट्टी बसली. कय्युमनं परत हँडल हलवलं. खालचं चाक हललं, त्याच क्षणी वरचं. शेंदराला शेंदूर जुळलेला. मी म्हणाले, आता झालं. अमावास्येला तीन दिवस होते.

आणि त्याच दुपारी टपाल आलं. शिरूर कासारहून. मालकांनी वाचून दाखवलं.

'तुमच्या घरी दुःख झाल्याचं समजलं. वाईट वाटलं. सुतकाच्या घरात पोटुशी सून धाडता येत नाही. सुतक अमावास्येला फिटणार, आणि अमावास्येला सूनबाईस आठवा लागतो. तरी येण्याची तसदी घेऊ नये. बाळंतपण इथंच होईल. साखराबाई.'

मी दोनदा वाचायला लावलं. मग बोटांवर दिवस मोजले. वद्य षष्ठीला मी बायनाबाईंना मारलं, दहावा दिवस बरोबर अमावास्या. खोड शोधायच्या नादात मी तिथीच मोजली नव्हती.

"साखराबाईला कुणी कळवलं?"

मालक खाली बघत म्हणाले, "मीच. कार्डाचा कोपरा फाडून, मयताच्या रीतीनं. विहीणबाईंना कळवायला नको का? उद्या म्हणतील, सोयरे म्हणून ठिवलं न्हाई."

मी पत्राची नीट घडी घातली. मी ओरडले नाही म्हणून मालक फार घाबरले.

उलट टपालानं खरं लिहावं, तर साखराबाईंनी माझा खोटेपणा अख्ख्या शिरूरला वाचून दाखवला असता, आणि पोर तरी सोडली नसती. म्हणाल्या असत्या, पोरीसाठी सुतक लपवते. मेलेलं माणूस जिवंत आहे, हे पटवायला कागद पुरत नाही. माणूसच लागतं.

"कय्युम," मी म्हणाले, "मोटार काढ. धारूरच्या डोंगरात जायचंय."

मोटार अशी चालली की जात्यात बारीक दळण पडतंय. घाटात कय्युमनं कान देऊन ऐकलं, मीही ऐकलं. खळखळ नाही. वाडीवर पोचलो तर बायनाबाई अंगणात तूर पाखडत बसलेली. मालकांनी उडी मारली आणि तिच्या पायाला मिठी घालून धाय मोकलून रडायला लागले.

"काकू! काकू गं!"

"ह्याला काय झालं, तुळजे?"

मला थापा मारता येतात, पण बायनाबाईसमोर उपयोग नसतो. मी उभ्यानं सगळं सांगितलं. हलगी, सुतक, शिवकन्या, साखराबाईचं पत्र. तिचं सूप हातातच राहिलं.

"मला मारली? कशानं?"

"थंडीतापानं."

"थंडीतापानं!" तिला मेल्याचं काही नव्हतं, थंडीतापाचा संताप आला. "ऐंशी सालं काढली मी, दोन दुष्काळ काढले, पटकी काढली, आन थंडीतापानं मरंल? साप तरी म्हणायचं. रडलं कोण कोण?"

"सगळा गाव."

"आन तू?"

"सगळ्यात जास्त."

ती जरा शांत झाली. मग सूप बाजूला ठेवलं. "येते. पण मी म्होरं बसणार, डायवरपाशी. मोटारीम्होरं हलगी पायजे. आन विहिणीच्या दारात, चार बायांच्या देखत, तू म्हणायचं, शिवकन्याच्या लग्नात पुरण कच्चं व्हतं."

"ते कच्चं नव्हतं."

तिनं सूप परत उचललं.

तुम्हाला वाटेल, यात काय एवढं. पण तेलगावात माझ्या पुरणाला आजवर कुणी बोट लावलेलं नाही. तिसऱ्या पंगतीला चूल विझत आली होती, हे खरं. कुणाला कळलं नव्हतं. या एका म्हातारीच्या जिभेला कळलं होतं. मी मोटारीकडं बघितलं, आणि दोन-चारच्या बांगड्या डोळ्यांपुढं आल्या.

"चला," मी म्हणाले.

त्रयोदशीला आम्ही तेलगावात परतलो, आणि हलगीसाठी अजमतबीनं गुपचूप आश्रुबाला निरोप दिला. तो दुसऱ्या पहाटेच हजर. मोटार चालू झाली, त्यानं कान टवकारले, वाकून झाकणाला कान लावला.

"ह्याच मोटारीपायी माझे हात सुजलेत का, बाई?" म्हणाला. "आज मी सावकाश वाजवणार."

वद्य चतुर्दशीला दुपारी आम्ही शिरूर कासारला पोचलो. मोटार साखराबाईंच्या दारात उभी राहिली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झालेली. साखराबाई उंबऱ्यात आल्या. मोटार बघून त्यांचं तोंड उतरलं, मग त्यांना सुतक आठवलं आणि परत चढलं.

"अवो विहीणबाई, सुतकात हलगी? लाज हाय का न्हाई? दहावा दिवसबी झाला न्हाई अजून त्या म्हातारीचा!"

"कंच्या म्हातारीचा?" पुढच्या सीटवरून बायनाबाई म्हणाली.

"त्या बायनाबाईचा."

"ती मीच."

साखराबाई दोन पावलं मागं सरकल्या. एका बाईनं लेकराचे डोळे झाकले. बायनाबाई सावकाश उतरली, पायरीवर बसली आणि पाणी मागितलं. "चिमटा काढून बघा की कुणीबी," म्हणाली. कुणी काढला नाही.

"मग ते पत्र?" साखराबाईंचा आवाज चिरकला.

"माझ्या पुतण्याचं हस्ताक्षर," बायनाबाईनं मालकांकडं बोट केलं. "त्याला कुणी काय सांगंल ते तो खरं मानतो. लहानपणापासून तसाच हाय. मी जिती हाय, सुतक न्हाई, मोटार दारात हाय, आन आठवा उद्या लागतो. आता काय अडलं?"

साखराबाईंनी पदर खोचला. त्या सहजासहजी हार मानणाऱ्या नाहीत, हे मी त्यांच्याविषयी मान्य करते. त्या दारात आडवा हात लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताखालून मला शिवकन्या दिसली. पोट पुढं, तोंड एवढंसं. तिनं डोक्यावरचा पदर सावरला. बांगड्या खरंच कोपरापाशी होत्या.

"तुळजे," बायनाबाई पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाली, "तुझं काय राहिलंय?"

गल्लीभर बाया. मी घसा खाकरला.

"शिवकन्याच्या लग्नात," मी म्हणाले, "पुरण जरा कमी शिजलं व्हतं."

"कच्चं."

"कच्चं व्हतं."

"मोठ्यानं."

"कच्चं व्हतं!" मी ओरडले. आश्रुबानं, कुणी सांगितलं नसताना, हलगीवर एक थाप दिली.

साखराबाईंचा दारावरचा हात खाली आला. त्यांचं तोंड जसं उजळलं, तसं मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"मी तवाच म्हणलं व्हतं!" त्या शेजारणीकडं वळल्या. "म्हणलं व्हतं का न्हाई? डाळ कचकच लागत व्हती दाताखाली! परत म्हणा, विहीणबाई, ह्या मागून आल्या, ह्यांनी ऐकलं न्हाई."

मी परत म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले. तिसऱ्या वेळेपर्यंत साखराबाई एवढ्या खूश की त्यांनी स्वतः शिवकन्याची ओटी भरली, हात धरून तिला मोटारीत बसवलं, आणि वाटेत खायला धपाट्यांचं फडकं दिलं. उघडून बघितलं तर तुपानं थबथबलेली. त्या दिवशी त्यांनी काडी हातात घेतलीच नव्हती.

येताना मालक पायफळीवर उभे, आश्रुबा दुसऱ्या बाजूला. हलगी मी बंद ठेवायला सांगितली. बिंदुसरेच्या वाळूतून मोटार सरळ पार झाली. शिवकन्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पडली होती. डोकं न उचलताच तिनं विचारलं,

"आई, मोटार चालूच हाय ना? आवाज कावून येत न्हाई?"

कय्युम नुसता हसला.

सुंदरराव प्रतिपदेला आले, हँडल खांद्यावर, जोडी न्यायला. कय्युमनं त्यांच्यासमोर मोटार चालू केली, हलगी नसताना. सुंदररावांनी चष्मा काढला, परत घातला.

"वहिनी, म्हणजे... आपला सौदा तसा अजून झाला न्हाई म्हणा. सुतकात व्यवहार व्हत न्हाई. मी मोटार परत..."

"न्या की, भाऊजी. आत आमच्या पणजसासऱ्यांचा पट्टा हाय वीतभर, तेवढा काढून ठिवा. आन ही तुमची." मी वहाणेचा तुकडा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो तुकडा शेरवानीच्या खिशात घातला आणि मुकाट्यानं बैलं सोडली. मालकांची तपकिरीची डबी मी त्या दिवशी सकाळीच लपवून ठेवली होती.

पौषात शंकरपट भरला. तांब्या-खैऱ्या सुंदररावांच्या गाडीला जुंपलेले, झेंडी पडली, बाकीच्या जोड्या धुरळ्यात गेल्या आणि आमचे दोघं रवंथ करीत उभे. सुंदररावांचा माणूस धावत माझ्याकडं आला. मी ओसरीवर होते. अजमतबी शिवकन्याला बांगड्या भरत होती, तिच्या मांडीवर पंधरा दिवसांची लेक. दोन-चारच्या आता चढत नव्हत्या, अजमतबी टोपलीत दोन-सहाच्या शोधत होती.

"बाई, सुंदररावांनी इचारलंय, ही जोडी पळंना. काय करावं?"

शिवकन्या हसायला लागली. मी तिच्याकडं डोळे वटारले.

"भाऊजींना सांग," मी म्हणाले, "हलगी लावून बघा."